काड्या ठेवायची जागा

टोक्योतल्या एका लहानशा खानावळीत दुपारच्या गर्दीत घडलेली ही गोष्ट इतकी बारीक होती, की तिथल्या निम्म्या लोकांना ती कळलीही नसेल. ट्रेवर भाताचा वाडगा, मिसो सूप, मुळ्याचं लोणचं आणि खरपूस भाजलेला एक आख्खा मासा. समोर बसलेला तरुण बोलण्यावरून पुण्याकडचा वाटत होता आणि जेवायच्या काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स, सफाईने चालवत होता. सोयाबीनचा एकेक दाणा उचलण्याइतकी सफाई. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने काड्या भातात उभ्या खोचल्या आणि फोन घेतला. चहा घेऊन येणारी साठीची बाई दोन पावलांवर थबकली. मग तिने चहा ठेवला, गल्ल्याजवळून शेंगेच्या आकाराचा, बोटाच्या पेराएवढा चिनी मातीचा एक तुकडा आणला, तो त्याच्या ट्रेजवळ अलगद ठेवला, किंचित वाकली आणि गेली. त्याने तो तुकडा उचलून पाहिला. आवडला असावा, कारण त्याने त्याचा फोटो काढला. मग सोया सॉसच्या बाटलीशेजारी ठेवून दिला. काड्या भातात उभ्याच होत्या. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या काड्या खाली ठेवल्या आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

कुणीच काही बोललं नाही.

जपानमध्ये माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताचा वाडगा शीग लावून भरून ठेवतात आणि त्यात त्याच्याच काड्या उभ्या खोचतात. त्या भाताला ‘माकुरामेशी’ म्हणतात, म्हणजे उशाचा भात. जिवंत माणसाच्या जेवणात काड्या अशा उभ्या दिसल्या, की बघणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. या चुकीचं नाव ‘ताते-बाशी’, आणि ही शिष्टाचारातली किरकोळ चूक धरली जात नाही. चिनी घरांतही हे चालत नाही, तिथे वाडग्यात उभ्या राहिलेल्या काड्या पितरांपुढच्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. आपल्याला हे फार समजावून सांगायची गरज पडू नये. दहाव्याला घाटावर भाताचे पिंड पाहिलेल्या माणसाला, दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसल्यावर आजीची हाक ऐकलेल्या माणसाला, भाताचं आणि मृत्यूचं नातं ठाऊक असतं. त्या तरुणालाही ते ठाऊक असणारच. फक्त त्या दोन काड्यांमध्ये ते दडलेलं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तसंच दुसरं. एकाने काडीत धरलेला घास दुसऱ्याने आपल्या काडीने झेलायचा, हे परक्याला प्रेमाचं वाटेल. पण जपानी दहनानंतर नातेवाईक जोडीजोडीने उभे राहतात आणि लांब काड्यांनी मिळून अस्थी उचलून कलशात ठेवतात. पायाच्या हाडांपासून सुरुवात करून शेवटी डोक्याकडे यायचं, म्हणजे गेलेला माणूस कलशातही सरळ बसतो. या विधीला ‘कोत्सुआगे’ म्हणतात. आपल्याकडे ‘सावडणे’ हा शब्द आता मुख्यतः याच कामासाठी राखून ठेवला आहे. त्यांनी तशी एक हालचाल राखून ठेवली आहे. काडीला काडी लावून वस्तू हातोहात देण्याची वेळ आयुष्यात फक्त तेव्हा येते, म्हणून जेवताना ती आली की टेबल गप्प होतं. घास द्यायचाच असेल तर तो समोरच्याच्या ताटलीत ठेवावा, त्याचा तो उचलून घेतो.

काड्या धरायला शिकणं त्या मानाने सोपं आहे. आठवडाभर रोज दहा मिनिटं दिली तरी हात बसतो. गडबड होते ती एका समजुतीमुळे. आपण काड्यांना चिमटा समजतो. चिमट्याच्या दोन्ही पात्या हलतात, इथे मात्र एकच काडी हलते. खालची काडी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात टेकते, पुढे अनामिकेच्या नखाच्या बाजूवर विसावते, आणि अंगठ्याचं मूळ तिला वरून दाबून धरतं. ती खुंटीसारखी पक्की. वरची काडी पेन्सिल धरतो तशी: अंगठ्याचं टोक, तर्जनी आणि मधलं बोट. तर्जनी आणि मधलं बोट तिला वरखाली करतात, अंगठा बिजागरीसारखा जागच्या जागी राहतो. पकड टोकांपासून दूर, वरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावी. फार खाली धरलं तर टोकं उघडत नाहीत आणि मनगट ताटात जातं, फार वर धरलं तर टोकांवर जोर राहत नाही.

जपानी घरांत मुलांना शिकवायची रीत आहे ती मोठ्यांनीही वापरावी. आधी एकच काडी घ्यायची, पेन्सिलीसारखी, आणि हवेत वरून खाली उभी रेघ काढायची, इंग्रजी एकचा आकडा गिरवावा तशी. हात मनगटातून न हलता फक्त बोटांनी रेघ निघू लागली की दुसऱ्या हाताने खालची काडी बेचक्यातून आत सरकवायची. आता पुन्हा तीच रेघ. खालची काडी हलली तर समजावं की अंगठ्याचं मूळ ढिलं पडलं आहे. टोकं एकमेकांना न भेटता फुलीसारखी ओलांडत असतील, तर बहुतेक वेळा दोष मधल्या बोटाचा असतो. ते वरच्या काडीखाली राहायचं सोडून दोन्ही काड्यांच्या बाहेर गेलेलं असतं. टोकं खालीवर झाली असतील तर ताटावर ठकठक करून सारखी करू नयेत, मोकळ्या हाताच्या बोटांनी हळूच करावीत. आणि पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली, तर पकड गरजेपेक्षा घट्ट आहे. काडीत धरलेल्या घासाला जेवढा जोर लागतो तेवढाच द्यायचा. शेंगदाण्याला जास्त, टोफूला जवळजवळ नाहीच.

सरावासाठी आधी स्पंजचे तुकडे, मग शेंगदाणे, मग भिजवलेले काबुली चणे, आणि शेवटी उकडलेले वाटाणे. वाटाणा घरंगळतो, कारण नवशिका त्याला वरून दाबतो. त्याला दोन बाजूंनी, मधल्या फुगवट्याच्या किंचित खाली धरावं लागतं. डोक्याला जोडलेल्या आणि बोटं अडकवायच्या कड्या असलेल्या शिकाऊ काड्या बाजारात मिळतात, पण त्यांच्यावर फार दिवस राहू नये. जोडलेल्या काड्यांमध्ये दोन्ही बाजू सारख्याच हलतात, म्हणजे जी सवय मोडायची तीच त्या पक्की करतात. लाकडाच्या किंवा बांबूच्या, चौकोनी अंगाच्या, टोकाशी बारीक खाचा असलेल्या साध्या काड्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या आणि गुळगुळीत लाखेच्या काड्यांवरून घास निसटतो, कोरियातल्या पोलादी चपट्या काड्या तर हात पुरता बसल्यावरच घ्याव्यात. लांबीसाठी जपानी लोकांचं एक घरगुती माप आहे: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, दोन्ही टोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याची दीडपट करायची. हे अंतर १५ सेंटीमीटर भरलं तर काडी साडेबावीसची. दुकानात पुरुषांसाठी साधारण २३ आणि बायकांसाठी २१ सेंटीमीटरच्या जोड्या असतात, पण माप आपल्या हाताचं घ्यावं, पुरुष-बाई बघून नव्हे.

भाताबद्दल मात्र आपल्याकडे खरा गैरसमज आहे. फ्राइड राइसची प्लेट समोर आली, काड्यांनी चार शितं तोंडात गेली, उरलेली मांडीवर, आणि माणूस म्हणतो, हे लोक कसे जेवतात कोण जाणे. ते तो भात सहसा काड्यांनी खातही नाहीत. सुटा, परतलेला भात चिनी माणूसही खुशाल चमच्याने खातो. काड्यांचा भात आखूड दाण्याचा असतो, शिजल्यावर शितं एकमेकांना धरून राहतात आणि वाडग्यातून लिंबाएवढा गोळा अख्खा उचलता येतो. बासमतीवर काड्यांचा सराव करणं म्हणजे वाळूची मूठ सुतळीने बांधणं. आपल्याकडचा इंद्रायणी घ्यावा, किंवा आंबेमोहोर. थोडा आसट शिजवून पाच मिनिटं झाकून ठेवावा. तो काड्यांना शहाण्यासारखा वागतो. आणि काड्या चिमटून धरायच्या नाहीत, दोन्ही एकमेकींजवळ आडव्या ठेवून भाताखाली सरकवायच्या आणि गोळा वर तोलायचा. उचलण्यातला अर्धा भाग हा असा तोलण्याचाच असतो, चिमटण्याचा नाही.

इथे डाव्या हाताचं काम सुरू होतं. आपल्याकडे जेवताना डावा हात मांडीवर असतो, फार तर वाढून घ्यायला पुढे येतो. जपानी जेवणात डावा हात रिकामा बसला तर ती चूक ठरते. भाताचा वाडगा आणि सूपचा वाडगा उचलून छातीच्या उंचीवर आणायचा असतो, त्यामुळे मान खाली जात नाही आणि घासाचा प्रवास वीतभरच उरतो. मोठी ताटली, माशाची थाळी मात्र जागेवरच राहते. वाडगा न उचलता खालून घास आणताना आपण सहज दुसऱ्या हाताची ओंजळ त्याखाली धरतो, थेंब पडू नये म्हणून. आपल्याला ते सुसंस्कृत वाटतं, तिथे ते अडाणीपणाचं समजलं जातं. ओंजळीऐवजी वाडगाच पुढे न्यावा.

वाडगा आणि काड्या एकदम उचलायच्या नसतात. आधी दोन्ही हातांनी वाडगा, मग तो डाव्या तळहातावर बसवायचा, चार बोटं तळाच्या कडेखाली आणि अंगठा काठावर. मग उजव्या हाताने काड्या वरून उचलायच्या, त्यांची टोकं डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत क्षणभर अडकवायची, उजवा हात काड्यांच्या शेवटापर्यंत सरकवून खालून वर वळवायचा, की पकड तयार. लिहिताना लांबलचक वाटतं, करताना दोन सेकंद लागतात. पण तेवढ्या दोन सेकंदांवरून जपानी माणसाला समोरच्याचं घर कळतं. आपल्याला नाही का, पानावर बसलेला माणूस भात कालवतो कसा, यावरून कळत? बोटांची दोनच पेरं भिजली आहेत की तळहात माखला आहे, हे आपण न बघता बघतो. त्यांच्याकडे तोच हिशेब काडीच्या टोकाचा आहे: भिजायचं ते पाच ‘बू’, फार तर एक ‘सून’. म्हणजे दीड सेंटीमीटर, जास्तीत जास्त तीन. जेवण संपल्यावर काडी किती ओली आहे ते बघावं. दोन संस्कृतींनी वेगवेगळ्या हत्यारांनी एकच मोजमाप शोधून काढलं, याचं नवल वाटत राहतं.

मासा हा खरा कस. कोकणातल्या माणसाला बांगडा कसा सोडवायचा ते हाताला ठाऊक असतं. बोट काट्यावरून फिरतं आणि काटा बोटालाच कळतो. काडीला तो स्पर्श नसतो, म्हणून तिथे क्रम महत्त्वाचा. भाजलेला मासा डोकं डावीकडे, पोट आपल्याकडे असा वाढतात. कण्याच्या वरच्या रेषेवर काडीच्या टोकाने हलकी चीर पाडायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि वरची बाजू डावीकडून उजवीकडे खात जायची. ती संपली की मासा उलटायचा नाही. इथे भलेभले चुकतात. डाव्या हाताने डोकं धरायचं, काड्या कण्याखाली सरकवायच्या आणि डोकं, कणा, शेपटी असा सांगाडा अख्खा उचलून ताटलीच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा. खालची बाजू आता स्वच्छ उघडी पडते. शेवटी काटे, कातडं सगळं एका कोपऱ्यात गोळा करायचं. जेवून उठलेलं पान कसं दिसतं यात त्या माणसाची कदर दिसते, हे आपल्या आज्ज्यांचंही म्हणणं असायचं.

मऊ गोष्टींना धरू नये, तोलावं. रेशमी टोफूखाली दोन्ही काड्या सपाट सरकवाव्यात. मोठा तुकडा तोडायचा असेल तर टोकं त्यात मिटलेली घालून हळूच उघडावीत, फाटतो. भोसकून उचलणं वाईट, मग तो बटाटा का असेना, कारण भोसकल्यावर काडी हत्यार होते. नूडल्सचा मोठा गुंता उचलू नये, चार-पाच धागे पुरतात. ते सूपच्या वर उंच उचलून झुलवले की सुटे होतात, थोडे निवतातही. सुशी तर बोटांनी खाल्ली तरी चालते. हाताने खाणाऱ्या आपल्या माणसाने तिथे अवघडून काड्या शोधत बसायचं कारण नाही.

आता परत त्या चिनी मातीच्या तुकड्याकडे यावं.

काड्यांबद्दलचे जे निषेध जपानीत ‘किराइबाशी’ या एका नावाखाली सांगतात, ते नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यातले पुष्कळसे घास तोंडात जातानाचे नाहीतच. काडी रिकामी असते तेव्हाचे आहेत. काय घ्यावं ते न ठरल्याने ताटांवरून फिरत राहणारी काडी, ती ‘मायोइ-बाशी’. काडीने वाडगा स्वतःकडे ओढणं, ‘योसे-बाशी’. बोलताना काडीने माणसाकडे बोट दाखवल्यासारखं करणं. टोक चाटणं. वाडग्यावर काड्या आडव्या ठेवणं, ‘वाताशी-बाशी’, म्हणजे आता पुरे, नको, असा निरोप, समोर अजून वाढायचं असताना. खाण्यात गुंतलेला माणूस सहसा चुकत नाही. तो चुकतो बोलताना, विचार करताना, फोन घेताना. भूक हाताला वळण लावते, पण मध्येच थांबायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणून ‘हाशिओकी’. हाशी म्हणजे काड्या, त्या ठेवायची जागा ती हाशिओकी. त्या बाईने आणलेला शेंगेच्या आकाराचा तुकडा शोभेचा नव्हता, ते एक पूर्ण वाक्य होतं. काड्या हाशिओकीवर आडव्या, स्वतःच्या आणि ताटाच्या मध्ये, टोकं डावीकडे, आणि टोकं हवेत अधांतरी, म्हणजे उष्टं टोक टेबलाला लागत नाही आणि टेबलाची धूळ टोकाला. उष्टं हा शब्द इथे मुद्दाम वापरला. जपानी घरात प्रत्येकाची काड्यांची जोडी स्वतःची असते, बापाची मुलगा वापरत नाही, आणि सामायिक ताटातून घ्यायला वेगळ्या काड्या असतात. त्या नसल्या तर काहीजण स्वतःच्या काड्या उलट्या करून मागच्या टोकाने घेतात. दिसायला शहाणपणाचं, पण तेही बरं समजत नाहीत, कारण मागचं टोक हाताचं, आणि आता दोन्ही टोकं माखलेली. वाढायच्या काड्या मागून घ्याव्यात, त्यात संकोच नाही. उष्ट्या-खरकट्याचा विचार अंगात मुरलेल्या मराठी माणसाला हे सगळं परकं वाटू नये.

नववर्षाला मात्र दोन्ही टोकांना निमुळत्या काड्या काढतात. विलोच्या लाकडाच्या, पांढऱ्या. एक टोक माणसाचं आणि दुसरं देवाचं, एकाच काडीने दोघं जेवतात असं मानून. त्या दिवशीही ती उलटून वापरत नाहीत, कारण ते दुसरं टोक रिकामं नसतं. नैवेद्याचं पान घरच्या पंगतीत मांडण्यासारखंच आहे हे.

सीमेपलीकडे नियम बदलतात, तेही माहीत असावेत. कोरियात भात आणि सूप चमच्याने, काड्या फक्त तोंडीलावण्यांना, आणि वाडगा टेबलावरून उचलायचा नाही. जपानी सवय तिथे नेली तर उद्धटपणा होतो. चमचा आणि काड्या एकाच हातात एकदम धरायच्या नाहीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने पहिला घास घेईपर्यंत थांबायचं. चीनमध्ये काड्या लांब आणि बोथट, कारण ताटं मध्ये असतात आणि हात दूरवर जातो. तिथे त्या आडव्या नव्हे, टोकं समोर करून उजवीकडे मांडतात. थायलंडमध्ये भाताला चमचा-काटाच, काड्या नूडल्सपुरत्या.

साध्या खानावळीत बऱ्याचदा हाशिओकी नसते. कागदी पाकिटातल्या जोडकाड्या, ‘वारिबाशी’, मिळतात. त्या मांडीच्या वर आडव्या धरून, पंखा उघडावा तशा वरखाली फाकवून तोडाव्यात. छातीसमोर उभ्या धरून डावी-उजवीकडे ओढल्या तर कोपर शेजाऱ्याला लागतं आणि काडी वाकडी फुटते. तोडल्यावर एकमेकींवर घासू नयेत. कुसळ काढायला घासतात, पण वाढणाऱ्याला त्यात ‘तुमचा माल हलका’ असं ऐकू येतं. कुसळ असलंच तर बोटाने काढावं. रिकामं पाकीट टाकू नये. त्याची लांब बाजू दुमडून पट्टी करावी, पट्टीला मधोमध घडी घालून डोंगरासारखी उभी करावी, झाली हाशिओकी. जेवण संपलं की काड्या पुन्हा पाकिटात घालून तोंड मुडपावं, म्हणजे आवरणाऱ्याला त्या वापरलेल्या आहेत हे हात न लावता कळतं. घडी घालायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि फोन आला तर काड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्नच उरत नाही.

त्या दुपारी तरुणाचा फोन संपला. त्याने काड्या भातातून उपसल्या आणि जेवण पुरं केलं. मासा त्याने फार सुंदर खाल्ला, न उलटता, कणा एका उचलीत बाजूला ठेवून. शिकवणाऱ्याने त्याला मन लावून शिकवलं होतं, एवढंच एक सांगायचं राहून गेलं होतं. त्या बाईला ते बोलून दाखवता आलं असतं का? भर गर्दीत, पाहुण्याला, जेवताना? तिच्याकडे जी भाषा होती तिच्यात तिने सांगितलं. आणि पलीकडचे म्हातारे गृहस्थ खिडकीबाहेर काय बघत होते, त्यांच्या घरात उशाचा भात अलीकडेच कधी मांडला गेला होता का, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी भात तसाच टाकून पैसे दिले.

तरुण उठला, दोनदा वाकून आभार मानले, उच्चारही चांगले होते. बाईने तितकंच वाकून त्याला निरोप दिला. मग तिने ट्रे उचलला, सोया सॉसच्या बाटलीशेजारची चिनी मातीची शेंग हातात घेतली, कोरडीच असून फडक्याने पुसली, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी मांडलेल्या काड्यांखाली ठेवली. टोकं डावीकडे.